वेळेवर झाले तरच झाले : अनेक प्रोसेसरच्या संगणकातील कामांची आखणी



आपल्या स्मरणिकेत धम्म, इतिहास व समाजकारण या विषयांवर लेख येत असतात. या वेळी मी एक तांत्रिक विषय घेऊन आपल्यापुढे येत आहे. त्यामागचे कारण असे की, आपल्या अभ्यासिकेत येणारी, अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी मला म्हणाली, “काका, शेड्युलिंगचा पाठ मी ऑप्शनला टाकणार. सगळी इंग्रजी आणि सगळी सूत्रे. ते आपल्याला जमणारे नाही.” तिच्या बोलण्यातला ‘आपल्याला’ हा शब्द माझ्या मनाला लागला. मी कला शाखेचा पदवीधर, बँकेत कारकून. सूत्रांशी माझी मैत्री नाही; परंतु काउंटरपुढची रांग मी रोज पाहतो. तिचे पुस्तक घेऊन आम्ही काही रविवार बसलो, तेव्हा ध्यानात आले की हा पाठ मुळात रांगेचाच आहे. कोणाचे काम आधी, कोणाचे नंतर, आणि वेळ अपुरी पडली तर मागे कोणी राहायचे, एवढाच त्यातला प्रश्न. त्या रविवारांत जे उमगले ते या लेखात क्रमाने मांडीत आहे.

१. रिअल टाइम म्हणजे काय?

आपण गणित सोडवितो तेव्हा उत्तर बरोबर आले की काम झाले. दहा मिनिटे उशीर झाला म्हणून उत्तर चुकत नाही. परंतु काही कामे अशी असतात की उत्तर बरोबर असूनही उशिरा आले तर ते चुकीचेच ठरते. अशी कामे करणाऱ्या संगणकव्यवस्थेला रिअल टाइम, म्हणजे काळबद्ध व्यवस्था म्हणतात.

उदाहरण आपल्या रस्त्यावरचेच घेऊ. भारतात १२५ सीसीपेक्षा मोठ्या नव्या दुचाकींना २०१९ पासून एबीएस हा ब्रेक बंधनकारक झाला आहे. जोरात ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊन गाडी घसरू नये म्हणून त्यातला छोटा संगणक चाकाची गती सतत मोजतो, चाक अडकू लागले की ब्रेक क्षणभर सैल करतो आणि पुन्हा लावतो. हे एका सेकंदात अनेक वेळा घडते. ‘ब्रेक सैल कर’ हा बरोबर हुकूम गाडी पडल्यावर आला तर त्याचा उपयोग काय? वाहनांवर संशोधन करणारी डीआरडीओची व्हीआरडीई ही संस्था आपल्या नगरजवळच आहे. वाहनाचा आणि संगणकाचा संबंध आपल्या जिल्ह्याला नवा नाही, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.

मुदत चुकली तर जीवावर बेतते अशा व्यवस्थांना कडक मुदतीच्या व्यवस्था म्हणतात. मुदत चुकल्याने गैरसोय होते, परंतु अनर्थ होत नाही, त्यांना सैल मुदतीच्या म्हणतात. एनपीसीआयने २०१६ साली सुरू केलेली यूपीआयची देवघेव या दुसऱ्या प्रकारात बसेल. चहाच्या टपरीवर पैसे गेले की नाही हे काही क्षणांत कळले नाही तर गोंधळ होतो, पण कोणी दगावत नाही.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. रिअल टाइम म्हणजे ‘फार वेगवान’ नव्हे. दिलेल्या मुदतीत काम होईलच, अशी आधी खात्री देता येणे म्हणजे रिअल टाइम. नेहमी झटपट चालणारा परंतु अधूनमधून अडकणारा संगणक येथे कुचकामी. सावकाश चालणारा परंतु कधीही न चुकणारा येथे चालतो.

२. एक काउंटर, दोन नियम

प्रथम एकच प्रोसेसर, म्हणजे एकच काउंटर आहे असे समजू. पुन्हा पुन्हा येणाऱ्या प्रत्येक कामाच्या दोन गोष्टी माहीत हव्यात : काम किती वेळ घेते आणि ते किती वेळाने पुन्हा येते. पुढचा फेरा येण्यापूर्वी आधीचे काम संपले पाहिजे, ही त्याची मुदत. कामाची वेळ भागिले फेऱ्याचा काळ, हा त्या कामाचा भार. दर १० मिनिटांनी २ मिनिटे घेणाऱ्या कामाचा भार २० टक्के झाला.

१९७३ साली सी. एल. लिऊ आणि जेम्स लेलँड यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. या शास्त्राचा पाया त्यात आहे. त्यांनी दोन नियम तपासले.

पहिला नियम : ज्याचा फेरा लवकर येतो त्याचा मान कायमचा वर.
दुसरा नियम : ज्या क्षणी ज्याची मुदत सर्वांत जवळ, त्या क्षणी त्याला आधी.

दोन्ही नियमांत वरच्या मानाचे काम आले की चालू असलेले काम थांबवून त्याला जागा द्यायची आणि नंतर अर्धे राहिलेले काम पुढे चालू करायचे. त्यांनी असे सिद्ध केले की, कामे एकमेकांवर अवलंबून नसतील तर पहिल्या नियमाने एकूण भार सुमारे ६९ टक्क्यांपर्यंत असताना एकही मुदत चुकत नाही, कामे कितीही असोत. दुसऱ्या नियमाने भार पूर्ण १०० टक्के झाला तरी मुदत चुकत नाही.

एक उदाहरण करून पाहू. ‘क’ हे काम दर ५ मिनिटांनी २ मिनिटे घेते. ‘ख’ हे दर ७ मिनिटांनी ४ मिनिटे घेते. एकूण भार सुमारे ९७ टक्के. पहिल्या नियमाने ‘क’ ० ते २ चालेल, ‘ख’ २ ते ५ चालेल, परंतु ५ व्या मिनिटाला ‘क’ पुन्हा येऊन ७ पर्यंत जागा अडवील. ‘ख’ची तीनच मिनिटे झालेली, मुदत चुकली. दुसऱ्या नियमाने ५ व्या मिनिटाला विचार होईल की ‘ख’ची मुदत ७ आहे आणि ‘क’ची १०. म्हणून ‘ख’ ६ ला संपेल, ‘क’ ६ ते ८ होईल, दोघेही वेळेत.

मग सर्वत्र दुसराच नियम का वापरीत नाहीत? कारण भार १०० टक्क्यांच्या वर गेला की तो नियम वाईट कोसळतो. ज्या कामाची मुदत आता पाळता येणारच नाही तेच ‘सर्वांत जवळच्या मुदतीचे’ म्हणून पुढे घुसते, आणि त्याच्यापायी मागच्याचीही मुदत जाते. एक पडला की दुसरा, दुसऱ्यामुळे तिसरा. पहिल्या नियमात निदान कोण मागे राहील हे आधी सांगता येते. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरणार आहे.

३. काउंटर वाढविले म्हणजे प्रश्न सुटला काय?

गर्दी झाली की आपण म्हणतो, ‘दुसरे काउंटर उघडा.’ आज हातातल्या मोबाइलमध्येसुद्धा अनेक प्रोसेसर एकत्र काम करतात. महाराष्ट्रात या युगाची ठळक सुरुवात पुण्यात झाली. १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली परम ८००० हा महासंगणक तयार केला. एकच राक्षसी प्रोसेसर बनविण्याऐवजी ट्रान्सप्युटर नावाचे अनेक छोटे प्रोसेसर जोडून त्यांच्याकडून मिळून काम करून घेणे, ही त्यामागची कल्पना.

परम हा हवामान वा विज्ञानातील मोठी गणिते करण्यासाठी होता. त्याला ब्रेकसारखी कडक मुदत नव्हती. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने ट्रान्सप्युटरमध्ये एक लक्षात घेण्यासारखी गोष्ट होती : कामांची पाळी लावण्याची सोय त्या चिपमध्येच घडविलेली होती. तिच्यात दोनच मान होते. वरच्या मानाचे काम आले की ते स्वतः थांबेपर्यंत चालायचे. खालच्या मानाच्या कामांना एक-दोन मिलिसेकंदांच्या पाळीने आलटून पालटून जागा मिळायची.

आता मूळ प्रश्न. दोन काउंटर असले की दुप्पट भाराची हमी मिळते काय? १९७८ साली सुदर्शन धल्ल आणि सी. एल. लिऊ यांनी दाखविले की, नाही. समजा दोन काउंटर आहेत. ‘क’ आणि ‘ख’ ही लहान कामे दर १० मिनिटांनी २-२ मिनिटे घेतात. ‘ग’ हे मोठे काम दर ११ मिनिटांनी १० मिनिटे घेते. तिघे एकाच क्षणी आले. जवळच्या मुदतीचा नियम लावला तर ‘क’ आणि ‘ख’ यांची मुदत १०, ‘ग’ची ११, म्हणून दोन्ही काउंटर लहान कामांना मिळाले. दोन मिनिटांनी ‘ग’ सुरू झाले, ते १२ ला संपणार. मुदत चुकली. एक मोठे काम दोन काउंटरवर एकाच वेळी करता येत नाही, म्हणून दुसरे काउंटर मोकळे असूनही उपयोग नाही. वास्तविक एकूण भार २०० पैकी सुमारे १३१ टक्केच होता. दोन्ही लहान कामे एका काउंटरवर आणि मोठे काम दुसऱ्यावर, अशी आधी वाटणी केली असती तर कोणाचीच मुदत चुकली नसती.

म्हणजे वाटणी करून द्यावी हे उत्तम? तेही नेहमी खरे नाही. प्रत्येकी १० मिनिटांतून ६ मिनिटे लागणारी तीन कामे आणि दोन काउंटर घ्या. लागणारी वेळ १८ मिनिटे, उपलब्ध २० मिनिटे. परंतु कायमची वाटणी केली तर कोणत्या तरी एका काउंटरवर दोन कामे येतील, म्हणजे १० मिनिटांत १२ मिनिटांचे काम. ते अशक्य. येथे काम एका काउंटरवरून दुसरीकडे नेण्याची मुभा हवी. ‘क’ पहिल्या काउंटरवर ० ते ६. ‘ख’ दुसऱ्या काउंटरवर ० ते २ आणि उरलेले पहिल्या काउंटरवर ६ ते १०. ‘ग’ दुसऱ्या काउंटरवर २ ते ८. तिघेही वेळेत. अशी युक्ती रॉबर्ट मॅकनॉटन यांनी १९५९ साली दिली. पुढे १९९६ साली संजय बरुआ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, प्रत्येक कामाला त्याच्या भाराच्या प्रमाणात थोडी थोडी पाळी देत गेले तर सर्व काउंटरची पूर्ण क्षमता हमीने वापरता येते.

मात्र काम इकडून तिकडे हलविण्याला किंमत पडते. अर्धे झालेले काम दुसऱ्या काउंटरवर न्यायचे म्हणजे कागद हलवावे लागतात आणि नव्या माणसाला पुन्हा समजून घ्यावे लागते. प्रोसेसरचेही तसेच, जवळच्या स्मृतीत ठेवलेली माहिती त्याला नव्याने आणावी लागते. म्हणून प्रत्यक्षात बहुतेक कामे ठरलेल्या जागी आणि थोडीच फिरती, असा मध्यम मार्ग पुष्कळ ठिकाणी स्वीकारतात.

४. माणूस वाढला आणि उशीर झाला

यापेक्षाही आश्चर्याची गोष्ट रोनाल्ड ग्रॅहम यांनी १९६६ व १९६९ सालच्या निबंधांत दाखविली. त्यांचेच आकडे मी आपल्या विहाराच्या कार्यक्रमाला लावून सांगतो. नऊ कामे आहेत. यादी या क्रमाने : (१) बाजार आणणे, ३ तास, (२) निमंत्रणे वाटणे, २ तास, (३) विहाराची साफसफाई, २ तास, (४) मंडपाचे सामान आणणे, २ तास, (५ ते ८) मंडपाच्या चार बाजू उभारणे, प्रत्येकी ४ तास, (९) भोजनदानाचा स्वयंपाक, ९ तास. बाजार आल्याशिवाय स्वयंपाक नाही आणि सामान आल्याशिवाय मंडप नाही. एक काम एकच कार्यकर्ता करतो. जो मोकळा होईल त्याने यादीतले करता येण्याजोगे पहिले काम उचलायचे.

तीन कार्यकर्ते असतील तर : पहिला बाजार आणून ३ ऱ्या तासाला स्वयंपाकाला लागतो आणि १२ व्या तासाला उठतो. निमंत्रणे व साफसफाई २ ऱ्या तासाला संपतात, सामान ४ थ्या तासाला येते, आणि मंडपाच्या चार बाजू दोघे मिळून ४ ते १२ मध्ये उभ्या करतात. सारे १२ तासांत आटोपते.

आता चौथा कार्यकर्ता मदतीला आला. सामान २ ऱ्या तासालाच आले. तिघे मंडपाच्या तीन बाजूंना भिडले. ३ ऱ्या तासाला बाजार घेऊन पहिला परतला, तर यादीत वर मंडपाची चौथी बाजू शिल्लक. तो तिकडे गेला. स्वयंपाकाला हात लागला तो ६ व्या तासाला, आणि चूल विझली १५ व्या तासाला. एक माणूस वाढला आणि तीन तास उशीर झाला! ग्रॅहम यांनी असेही दाखविले की, याच उदाहरणात माणसे तीनच ठेवून प्रत्येक काम एकेक तासाने लहान केले तरी १२ ऐवजी १३ तास लागतात.

चौथ्या कार्यकर्त्याने काही चूक केली काय? मुळीच नाही. चूक यादीत होती. सर्वांत लांबणारे काम यादीच्या तळाला होते. साधने वाढविण्याआधी आखणी तपासावी, हा यातला धडा. संगणकाच्या बाबतीत हा धडा फार महागात शिकावा लागतो. कारण नवा प्रोसेसर बसवूनही मुदत का चुकते, हे आखणी तपासल्याशिवाय कळत नाही.

५. परिस्थितीनुसार बदलणारी व्यवस्था

येथवर आपण गृहीत धरले की कामे किती आणि किती वेळाची हे आधी माहीत आहे. प्रत्यक्षात तसे नसते. रडारवर कधी दोन विमाने दिसतील, कधी वीस. एखादा प्रोसेसर बंद पडेल. अशा वेळी स्वतःची आखणी स्वतः बदलणारी व्यवस्था लागते. तिला अनुकूलनशील व्यवस्था म्हणतात.

या विचाराचे देशी रूप आपल्या जिल्ह्यातील शेतकऱ्याला चांगले ठाऊक आहे. अकोले तालुक्यातील भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पूर्ण झाले. प्रवरेवरील ओझर बंधाऱ्यापासून डावा आणि उजवा असे दोन कालवे निघतात. धरणात दरवर्षी पाणी सारखे नसते. म्हणून पावसाळा संपल्यावर साठा पाहून कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत आवर्तने ठरतात, मागणी अर्ज घेतले जातात, आणि शेजपाळीने एकामागून एक शेताला पाणी मिळते. साठा कमी असेल तर आवर्तने कमी. येथे कालवे म्हणजे प्रोसेसर, पाणी म्हणजे वेळ, आणि पिकाला पाण्याची गरज असते तो आठवडा म्हणजे मुदत. पीक जळाल्यावर आलेले पाणी हे उशिरा आलेल्या उत्तरासारखेच.

संगणकशास्त्रात या दिशेने महत्त्वाचे काम १९८० च्या दशकात अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात जॉन स्टँकोविक आणि कृती रामामृतम् यांनी स्प्रिंग या प्रकल्पात केले. डॉ. रामामृतम् पुढे मुंबईच्या पवई येथील आयआयटीत प्राध्यापक झाले. त्यांच्या पद्धतीचा गाभा एका शब्दात सांगायचा तर ‘हमी’. नवे काम आले की व्यवस्था आधी हिशेब करते : आजवर ज्यांना शब्द दिला आहे त्यांच्यापैकी एकाचाही शब्द न मोडता हे काम मुदतीत बसेल काय? बसत असेल तर हमी द्यायची. बसत नसेल तर मुदत संपेपर्यंत ताटकळत ठेवायचे नाही. ताबडतोब तसे कळवायचे, किंवा दुसऱ्या संगणकाकडे पाठवायचे. वेळेत मिळालेला नकारसुद्धा उपयोगी असतो, कारण दुसरा मार्ग शोधायला वेळ उरतो. फॉर्म भरण्याच्या शेवटच्या रात्री पडद्यावर नुसते चक्र फिरत असलेले ज्याने पाहिले आहे, त्याला याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

नकाराशिवाय आणखी काही उपाय आहेत.

(अ) कामाचे आवश्यक आणि ऐच्छिक असे दोन भाग करणे. आवश्यक भाग प्रत्येकाचा पुरा करायचा. वेळ उरली तर ऐच्छिक भागाने उत्तर अधिक नेमके करायचे. चित्र थोडे पुसट दिसले तरी चालेल, परंतु वेळेवर दिसले पाहिजे.

(आ) काही फेऱ्या सोडण्याची मुभा देणे, पण मोजून. लागोपाठच्या ५ फेऱ्यांपैकी निदान ३ वेळेत झाल्याच पाहिजेत, अशी अट घालता येते. मोंसेफ हमदावी आणि परमेश्वरन रामनाथन यांनी १९९५ साली ही कल्पना मांडली. दोन फेऱ्या हुकलेल्या कामाचा मान पुढच्या वेळी आपोआप वर चढतो.

(इ) फेऱ्याचा काळ ताणणे. गर्दी असताना दर १० मिनिटांऐवजी दर १२ मिनिटांनी काम करायचे, गर्दी ओसरली की पूर्ववत.

(ई) सतत मोजत राहणे. किती मुदती चुकल्या हे पाहून पुढच्या क्षणी किती भार घ्यायचा ते कमीजास्त करायचे. वाहन चालविणारा स्पीडोमीटरकडे पाहून पाय सैल करतो, तसेच.

या सर्व उपायांत एक समान सूत्र आहे. भार क्षमतेबाहेर गेला की काही तरी सोडावेच लागते; काय सोडायचे हे गर्दीने ठरवू नये, आपण आधी विचारपूर्वक ठरवावे.

६. मागे कोण राहते?

आता या विषयाचा जो भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो त्याकडे येतो. वरच्या मानाची कामे येतच राहिली तर खालच्या मानाच्या कामाची पाळी कधीच येत नाही. याला या शास्त्रात उपासमार असेच म्हणतात. त्यावर साधा उपाय असा की, जितका वेळ एखादे काम थांबले तितका त्याचा मान हळूहळू वाढवीत न्यायचा. शेजपाळीतही कालव्याच्या टेलकडून हेडकडे पाणी देत यावे हा नियम याच हेतूचा आहे. कारण हेडच्या शेतकऱ्याला पाणी समोर दिसते, टेलचा मात्र वाट पाहत राहतो.

खालच्या मानाकडे दुर्लक्ष केले की नुकसान त्याचे एकट्याचे होत नाही, याचा पुरावा मंगळावर मिळाला. ४ जुलै १९९७ रोजी अमेरिकेचे पाथफाइंडर यान मंगळावर उतरले. काही दिवसांनी त्याचा संगणक पुन्हा पुन्हा बंद पडून नव्याने सुरू होऊ लागला. कारण असे निघाले : हवामानाची माहिती गोळा करणारे काम खालच्या मानाचे होते. ते सामाईक माहितीचे कुलूप आपल्या हाती घेई. वरच्या मानाच्या कामाला तेच कुलूप हवे असे, म्हणून ते थांबून राही. एवढ्यात मधल्या मानाचे लांबलचक काम येऊन खालच्याला बाजूला सारी. खालचा अडला म्हणून कुलूप सुटेना, आणि कुलूप सुटेना म्हणून वरचाही अडला. मुदत चुकलेली पाहून पहारा देणारी यंत्रणा सारा संगणकच पुन्हा चालू करी.

यावरचा उपाय लुई शा, रघुनाथन राजकुमार आणि जॉन लेहोस्की यांनी १९९० सालीच मांडलेला होता : वरच्याचे काम ज्याच्यामुळे अडले आहे त्या खालच्याला, कुलूप सोडेपर्यंत, वरच्याचाच मान द्यावा. ही सोय यानाच्या प्रणालीत होती, पण चालू केलेली नव्हती. अभियंत्यांनी पृथ्वीवरून संदेश पाठवून ती चालू केली आणि यान सुरळीत झाले.

मित्रांनो, यंत्राला जात नाही, उच्चनीचही नाही. त्यातला मान माणूस ठरवितो. म्हणून तो कशावरून ठरविला हे विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे. कामाच्या निकडीवरून ठरविला की काम आणणाऱ्याच्या ओळखीवरून? १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर गेले ते याच प्रश्नासाठी. तेथे आपली पाळी उशिरा येत नव्हती, यादीत आपले नावच नव्हते. आज रेशनपासून शिष्यवृत्तीपर्यंत अनेक याद्या संगणक चालवितो. त्या याद्यांचे नियम लिहिणाऱ्या खोलीत आपली मुले-मुली बसली पाहिजेत. त्यासाठी हा पाठ ऑप्शनला टाकून चालणार नाही.

७. सारांश आणि स्वाध्याय

थोडक्यात सांगायचे तर : रिअल टाइम म्हणजे वेग नव्हे, हमी. प्रोसेसर वाढल्याने हमी आपोआप वाढत नाही; ती आखणीतून येते. भार वाढला की नकार लवकर आणि स्पष्ट द्यावा. आणि कोणालाही कायमचे मागे ठेवू नये.

विद्यार्थ्यांनी पुढील उदाहरणे कागदावर रेघ आखून सोडवावीत.

(१) एक प्रोसेसर. कामे : दर ४ मिनिटांनी १ मिनिट, दर ६ मिनिटांनी २ मिनिटे, दर १२ मिनिटांनी ३ मिनिटे. भार ६९ टक्क्यांहून जास्त आहे. ‘लवकर फेऱ्याचा मान वर’ या नियमाने तिसरे काम वेळेत होते काय?

(२) तीन प्रोसेसर. प्रत्येकी १० मिनिटांतून ६ मिनिटांची चार कामे. कायमची वाटणी करता येते काय? नसेल तर हलवून कसे बसविता येतील?

(३) विहाराच्या उदाहरणात चार कार्यकर्ते ठेवून स्वयंपाक यादीत बाजाराच्या लगेच खाली लिहा. आता किती तास लागतात?

उत्तरे : (१) होते, भार सुमारे ८३ टक्के असूनही ते १० व्या मिनिटाला संपते. ६९ टक्क्यांच्या आत असलो की खात्री असते; त्याच्या वर गेलो की तपासावे लागते, नापास होतोच असे नाही. (२) वाटणी होत नाही. ‘क’ पहिल्यावर ०-६. ‘ख’ दुसऱ्यावर ०-२ व पहिल्यावर ६-१०. ‘ग’ दुसऱ्यावर २-८. ‘घ’ तिसऱ्यावर ०-४ व दुसऱ्यावर ८-१०. (३) १२ तास. बाजाराचे ३ आणि स्वयंपाकाचे ९ मिळून १२ होतात, म्हणून याहून लवकर कितीही माणसे आणली तरी शक्य नाही.

तिसरे उदाहरण त्या विद्यार्थिनीने स्वतः सोडविले. सोडवून झाल्यावर ती म्हणाली, “काका, हे तर आपल्याला जमते.” ‘आपल्याला’ हा शब्द तोच होता. अर्थ बदलला होता. अभ्यासिकेत रविवारी सकाळी आम्ही बसतो. ज्यांना यायचे असेल त्यांनी वही आणि पट्टी घेऊन अवश्य यावे.

जय भीम. नमो बुद्धाय.